जागलीची मचान आपणच बनवू

(सेलू तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावांची बैठक या हिवाळ्यात झाली. तिथं आपल्या एका तरुण कार्यकर्त्यानं केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे. गावात कोणी वाचता येणाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.)

जय सेवा!

आयाबायांनो, बापहो, टोल्यावरून, पोडावरून, बेड्यावरून आलेल्या सगळ्या भावा-बहिणींनो,

मी काही मोठा बोलणारा नाही. बारावीपर्यंत शिकलो, पुढं पैशापायी अडलं, तेव्हापासून संघटनेचं काम करतो. आज मला वनहक्काच्या दाव्यांवर बोल म्हणून सांगितलं होतं. कागद घेऊन आलो आहे. पण सकाळपासून इथं बसलेल्या माणसांचे डोळे पाहतो आहे. लाल झाले आहेत. अर्धी माणसं रातभर जागलीवर होती आणि वावरातून सरळ बैठकीला आली. मागं दोन मामा तर भिंतीला टेकून झोपून गेले. (हशा) झोपू द्या त्यांना. रात्री पुन्हा जायचं आहे.

म्हणून म्हटलं, आधी जागलीचंच बोलू. दाव्याचं शेवटी बोलतो. जागल आणि दावा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे तुमच्या ध्यानात येईलच.

आपल्या भागातलं सांगतो. बोरचं जंगल 1970 मध्ये अभयारण्य झालं. आपली वावरं त्याच्या काठाला. तिकडून रानडुकरं येतात, रोही येतात, चितळ येतात. जुलैत पेरलं की डुकरं भुईमुगाचा दाणा उकरून खातात. सप्टेंबरात सोयाबीन लोळवतात. आता तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला, तर रोज रात्री पाहुणे हजर. एका रात्रीत डुकरांचा कळप अर्धा एकर लोळवून जातो. खातो थोडं, तुडवतो जास्त. आमची आजी म्हणते, "वाघ आला तर एक ढोर नेते, डुक्कर आलं तर वर्ष नेते."

मग माणूस काय करतो? एक वर्ष जागतो, दोन वर्षं जागतो. तिसऱ्या वर्षी म्हणतो, जाऊ दे, जंगलाकडची ती पट्टी पेरायलाच नको. दोन एकर होतं, दीड पेरतो. पुढच्या साली एक. पट्टीवर गवत माजतं, पळस उगवतो. इथंच आपण फसतो. ते कसं, ते शेवटी सांगतो.

तीन चुका

जागलीसाठी आपण काय काय करतो ते आधी पाहू. तीन चुका आपल्या हातून होतात.

पहिली चूक. दरवर्षी मचानीसाठी जंगलातून सागाच्या चार बल्ल्या तोडायच्या. वाळवी लागते, पावसानं बुड सडतं, म्हणून दुसऱ्या साली नव्या चार. हिरवा साग तोडला की वनगुन्ह्याची केस होते. आमच्या टोल्यावरच्या एका माणसाची कुऱ्हाड आणि बंडी चार बल्ल्यांसाठी अडकून पडली. कोर्टाच्या चकरा मारून त्याची तूर तशीच वावरात राहिली. मचान तुरीसाठी, आणि मचानीपायीच तूर गेली. आणि आपल्यालाही हे शोभत नाही. जंगल आमचं आहे म्हणतो, तर चार पोरसवदा साग दरवर्षी एका घरानं तोडायचे, असे पन्नास घरांचे किती होतात, हिशेब करा. दोनशे.

दुसरी चूक फार वाईट. धुऱ्यावर तार ओढून तिच्यात लाइन सोडायची. डुक्कर मरो न मरो, माणूस मरतो. शेजाऱ्याचा पोरगा पहाटे पाणी द्यायला येतो, बैल येतो, आपलीच बायको येते. अंधारात तार कोणाला ओळखत नाही. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, जनावर मेलं तर वन्यजीव कायदा लागतो, आणि चोरून लाइन घेतली तर विजेचा कायदा वेगळा. पण कायदा बाजूला ठेवा. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला काय सांगणार? संघटनेचा माणूस तारेत लाइन सोडणार नाही, हा ठराव आज इथं झाला पाहिजे.

तिसरी चूक म्हणजे खालीच झोपायचं. धुऱ्यावर खाट टाकायची, घोंगडं ओढायचं, कुत्रं पायथ्याशी. आपल्याकडं बिबट आहे, वाघ आहे, साप आहे. जमिनीलगत आडवा पडलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही. कुत्र्यामागं बिबट येतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे मचान पाहिजे, पण जंगल न तोडता पाहिजे. आणि एका घराच्या खिशाला झेपेल अशी पाहिजे.

माझी स्वतःची चूक

आता माझं सांगतो. लपवत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं, की बल्ल्या कशाला, बांबूचे पाय करू. कटांग बांबू जाड आणि पोकळ असतो. आपला मानवेल बांबू बारीक पण भरीव असतो. कटांगाच्या पेरांच्या गाठी तापल्या सळाखीनं फोडल्या, आत मानवेल घातला. भोकं पाडली, आडवी खुंटी घातली. पाय वर-खाली व्हायला लागला. मी खूश. सगळ्यांना दाखवत फिरलो.

वर खाट बांधली. आमचे काका आणि मी चढलो. पाच-सहा रात्री काही झालं नाही. मग एका रात्री डुकरं आली, काका हाकारा द्यायला उठून उभे राहिले, आणि सगळा भार एका पायावर गेला. खुंटीच्या भोकापासून बांबू सरळ उभा चिरला. लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. खाट तिरपी, काका खाली. हात मोडला. तूर कापायच्या वेळेला हात गळ्यात. काकांनी मला कधी बोल लावला नाही. पण काकूनं लावला, आणि बरोबर लावला.

त्यातून शिकलो ते हे. बांबू उभा भार लय सहन करतो, पण भोक पाडून त्या भोकावर भार टेकवला की चिरतो. त्याची नसच उभी असते. म्हणून ज्या काठीवर माणूस बसणार, तिला भोकाचा बांबू नाही. ज्या काठीवर नुसतं फडकं लटकणार, तिला चालतो.

पाय वर-खाली कशाला पाहिजेत?

कोणी विचारेल, बाबू, एवढी खटपट कशाला? सरळ चार पाय गाड ना!

दोन कारणं आहेत. एक, आपली जमीन. चांगली सपाट काळी जमीन आपल्या वाट्याला कधी आलीच नाही. आपली वावरं उताराची, मुरमाची, दगडाची. सहा फुटांच्या खाटेखाली इकडून तिकडं फूटभर उतार सहज असतो. सारख्या उंचीचे पाय लावले तर खाट कलते. मग आपण वरच्या अंगाला खड्डा खोदतो नाहीतर खालच्या अंगाला दगड रचतो. रचलेला दगड रात्री सरकतो.

दुसरं कारण पीक. सप्टेंबरात सोयाबीन गुडघ्याएवढं असतं, पाच-साडेपाच फुटांवरून सगळं दिसतं. डिसेंबरात तूर डोक्याच्या वर जाते. तेव्हा त्याच मचानीवरून पानं सोडून काही दिसत नाही. उंची वाढवावी लागते. आणि नुसती जागाच बदलायची तर? आज तुरीच्या वावरात, पुढच्या महिन्यात हरभऱ्याच्या. गाडलेली मचान उपटून नेता येत नाही. सुटे पाय खांद्यावर नेता येतात.

माप लिहून घ्या

वही असेल त्यांनी लिहून घ्या. बाकीच्यांनी बोटावर धरा.

गावातल्या हातपंपात जमिनीखाली जे पाइप असतात, ते सव्वा इंची लोखंडी पाइप असतात. एकेक नग 3 मीटरचा, म्हणजे जवळपास 10 फुटांचा. पंप दुरुस्त होतो तेव्हा गळके, गंजके पाइप निघतात आणि शेवटी भंगारात जातात. वर आटे गेलेले असतात म्हणून पाण्याला चालत नाहीत, पण आपल्याला चालतात. पंचायतीचा पाइप आवारातून उचलून आणायचा नाही. लिलावात घ्या किंवा भंगारवाल्याकडून घ्या, आणि पावती घ्या. आपल्यावर चोरीचा आळ लगेच येतो. बेड्यावरच्या भावांना हे सांगायची गरज नाही.

या सव्वा इंची पाइपात एक इंची पाइप बरोबर सरकतो. दोघांत थोडी फट राहते, तेवढी पाहिजेच. भंगारात जाताना एक इंची पाइपाचा हातभर तुकडा सोबत न्या आणि आत घालून पाहा. काही पाइपांना आतून जोडाची धार असते, काहींना गंजाची पापडी. घातला आणि फिरला तर घ्या, अडकला तर सोडा.

सव्वा इंचीचे 10 फुटी दोन नग. अर्धे केले की 5 फुटांचे चार तुकडे. हे बाहेरचे, खाली राहणारे.

एक इंचीचा 20 फुटी एक नग. त्याचेही 5 फुटांचे चार तुकडे. हे आतले, वर निघणारे.

आता भोकं. बाहेरच्या पाइपाला दोनच भोकं, आरपार. एक वरच्या तोंडापासून 3 इंचांवर, दुसरं त्याच्या खाली 12 इंचांवर.

आतल्या पाइपाला खालच्या टोकापासून 3 इंचांवर पहिलं भोक, मग दर 3 इंचांनी एक. अशी 17 भोकं. सगळी एका रेषेत. त्यासाठी पाइपावर सुतळी ताणून खडूची रेघ मारा. भोक तिरपं गेलं तर बोल्ट पलीकडं निघणार नाही.

भोक 11 एमएमचं, बोल्ट 10 एमएमचा, 3 इंच लांब, नट आणि वायसरासकट. एका पायाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण आठ. एका बोल्टवर भार झेपतो, पण पाय लुळा राहतो, हलतो. दोन बोल्ट असले की सरळ ताठ राहतो. खिळा नाहीतर गजाचा तुकडा घालू नका. हलून हलून निघून पडतो.

असा पाय सगळ्यात खाली 5.5 फूट आणि सगळ्यात वर 8.5 फूट होतो. सगळ्यात वर असतानाही आतला पाइप दीड फूट बाहेरच्यात राहतो. तेवढा राहिलाच पाहिजे. म्हणून दोन्ही बोल्ट लागले तरच माणूस चढेल, हा नियम. खालचा बोल्ट लागत नसेल तर समजा पाइप जास्त ओढला आहे.

आतल्या पाइपाच्या वरच्या टोकाला वेल्डिंगवाल्याकडून पट्टीचा इंग्रजी यू लावून घ्या, खाटेचा लाकडी आडवा दांडा बसेल एवढा. त्यात खाटेचा दांडा बसतो, वरून दोरानं करकचून बांधायचा. खाट जुनी चालते, पण सांधे पक्के पाहिजेत. सुंभाच्या किंवा नवारीच्या वर बांबूच्या कामट्या आडव्या बांधा.

एका पायाचं वजन साधारण साडेआठ किलो होतं. एक माणूस दोन पाय सहज नेतो. दोन माणसं आणि एक खाट, मचान निघाली.

मला सगळा खर्च हजार रुपयांच्या आत-बाहेर आला. भंगाराचा भाव बदलतो, तुमच्याकडं थोडं कमी-जास्त होईल. पाच घरांनी मिळून केली तर घरी दोनशे. आणि पाइप वर्षानुवर्षं जातात. दर पावसाळ्याआधी जळकं ऑइल फासा, झालं. वाळवी लोखंड खात नाही.

उभी कशी करायची

जागा ठरली की चार चपटे दगड घ्या, हातभर लांब-रुंद. वीतभर खड्डा करून त्यात दगड बसवा, दगडावर पाय. काळ्या जमिनीत दगड नसला तर ओल्या दिवसांत पाइप सुईसारखा आत जातो.

आधी उताराच्या खालच्या अंगाचे दोन पाय लावा. मग वरच्या अंगाचे तेवढी भोकं कमी ठेवून लावा. फूटभर उतार असेल तर चार भोकांचा फरक. बाटलीत पाणी भरून खाटेवर आडवी ठेवा, बुडबुडा मधोमध आला की खाट सपाट. दोरीला दगड बांधून ओळंबा धरा, पाय सरळ आहेत का पाहा.

मग कैची. चारही बाजूंना बांबूची फुली बांधायची. हे सोडू नका. कैची नसलेली मचान उभी दिसते, पण माणूस वर हलला की आडवी होते. कैचीच्या बांबूला भोक पाडायचं नाही, नुसतं बांधायचं. शिवाय चार कोपऱ्यांतून चार दोर खुंट्यांना ताणा. उंची बदलली की कैची सोडून पुन्हा बांधायची. आळस करू नका.

माणूस चढायच्या आधी रेतीची चार पोती, पन्नास-पन्नास किलोची, वर ठेवा आणि रातभर राहू द्या. सकाळी बोल्ट पाहा, दगड पाहा. माझ्या काकांच्या आधी मी पोती चढवली असती तर त्यांचा हात वाचला असता. आणि वर दोनच माणसं. तिसरा गप्पा मारायला आला तर त्यानं खाली राहू नये आणि वरही येऊ नये, घरी जावं. (हशा)

हे लोखंड आहे, विसरू नका. विजेच्या तारेखाली, तारेच्या बाजूला मचान नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला की उतरा आणि गावात या. पीक गेलं तर पुन्हा पेरता येतं. आणि ज्या शिवारात कोणी तारेत लाइन सोडतो, तिथं ही मचान लावू नका. आधी त्या माणसाला आवरा.

भोकाचा बांबू आता कामाला येतो. चार आडोशाच्या काठ्या करा. कटांगात मानवेल, भोकं तापल्या सळाखीनं, पटाशीनं नाही. भोकाच्या वर-खाली बांधायच्या तारेचे पाच-पाच वेढे. अशी काठी मचानीच्या कोपऱ्याला उभी बांधायची आणि जुनं लुगडं नाहीतर बारदाना लटकवायचा. बसलं की आडोसा कमरेच्या वर, झोपलं की खाली, पाऊस आला की ताडपत्री टाकायला उंच. बांबू हिवाळ्यात तोडलेला घ्या आणि पंधरा-वीस दिवस नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवा, भुंगा कमी लागतो. बांबू धुऱ्यावरचा घ्या किंवा डेपोतून पावतीनं घ्या.

वारा पाठीवर

आता बसायचं कसं, ते. हे मला आमच्या आजोबांनी शिकवलं, पण उलटं.

आजोबांच्या काळात पारध होती. तितरासाठी, सशासाठी ते पानांचा आडोसा करून बसायचे. सांगायचे, वारा तोंडावर घेऊन बस. म्हणजे जनावराचा वास तुला येईल, तुझा वास त्याला जाणार नाही. डुकराला डोळ्यांनी कमी दिसतं, पण नाक लय तेज.

आपण आता पारधीला बसत नाही. आपण राखायला बसतो. म्हणून उलटं करायचं. वारा पाठीवर घ्यायचा, आपला वास जंगलाच्या बाजूला जाऊ द्यायचा. डुकराला धुऱ्यावरच कळलं पाहिजे की माणूस बसला आहे. मचान वावराच्या मधोमध नको, ज्या वाटेनं कळप येतो तिच्यापासून थोडी आत आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. वारा फिरला तर? म्हणूनच तर सुटे पाय आहेत. दुसऱ्या दिवशी उचला आणि हलवा. शिवाय डुकरं तीन-चार दिवसांत एका जागेला सरावतात. बुजगावणं जसं जुनं होतं तशी मचानही जुनी होते.

सोबत बॅटरी, टिनाचा डबा, गोफण. कुत्र्याला मचानीखाली बांधू नका, घरी ठेवा. वाघ-बिबट दिसला तर उतरायचं नाही, ओरडायचं, डबा वाजवायचा, उजेड दाखवायचा, शेजारच्या मचानीला हाक द्यायची. लघवीला एकट्यानं उतरायचं नाही. दोघांपैकी एक झोपतो, एक जागतो.

मचानीवर काय ठेवायचं नाही

बंदूक नाही, धनुष्य-बाण नाही, भाला नाही, फास नाही, जाळं नाही.

काही बुजुर्गांना हे आवडणार नाही. पारध आमची रीत होती, ती आम्ही का सोडायची? मला कळतं. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हाकून नेणं आणि त्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच आहे. मचानीवर बसलेला माणूस आणि हातात भाला असेल, तर तो राखणदार आहे हे तुम्ही कसं पटवून देणार? उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराबद्दल कलम 11 खाली परवानगी मागता येते, पण ती लेखी आणि अधिकाऱ्याची पाहिजे. जिवावर बेतलं तर स्वतःला वाचवायला केलेला वार गुन्हा होत नाही, तेही त्याच कलमात आहे. पण रात्री डुकराची वाट पाहत बसणं म्हणजे जीव वाचवणं नाही.

आणि आपला 2006 चा वनहक्क कायदा? त्याच्या कलम 3 मध्ये आपले सगळे परंपरेचे हक्क मान्य केले आहेत, पण शिकारीचा आणि फास लावायचा हक्क त्यातून स्पष्ट वगळला आहे. कलम 5 तर ग्रामसभेला सांगतं की वन आणि वन्यजीव राखायचं काम तुमचं. एक डुक्कर मारून आपण त्यांच्या हातात सगळ्या गावाविरुद्ध कागद देतो. तो देऊ नका.

आता दाव्याचं

मघाशी म्हटलं होतं की पट्टी सोडली की आपण फसतो. आता ऐका.

13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी स्वतः कसत आला, तिच्यावर त्याचा हक्क आहे. किती जमीन? प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच, आणि कितीही झालं तरी 4 हेक्टरच्या वर नाही. प्रत्यक्ष ताबा, हा शब्द ध्यानात ठेवा. मोजणीला माणसं येतील तेव्हा ते काय पाहतील? जिथं तूर उभी आहे तिथं साखळी टाकतील. जिथं पळस आणि गवत माजलं तिथं म्हणतील, हे तर जंगल आहे. डुकरांच्या भीतीनं सोडलेली पट्टी अशी कागदावरून जाते. हुसकवायला कोणी आलंच नाही, आपणच निघून गेलो, असं होतं.

पण मचान हा पुरावा आहे असं समजू नका. ती आज इथं, उद्या तिथं. 1 जानेवारी 2008 पासून लागू झालेल्या नियमांत नियम 13 पाहा. घर, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी, बांध, बंधारा, या खुणा पुरावा आहेत. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा आहे. एक नाही, एकाहून जास्त पुरावे जोडा. म्हणून जागलीच्या रात्री वाया घालवू नका. मचानीवर आजोबांसोबत बसला असाल तर विचारा, तुम्ही पहिल्यांदा या वावरात जागलीला कधी आलात? कोण सोबत होतं? धुऱ्यावरचा दगडांचा बांध कोणी घातला? सकाळी वहीत लिहा, अंगठा घ्या, ग्रामसभेपुढं ठेवा.

पिकाचं नुकसान झालं की वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं अर्ज करा, उशीर करू नका, आणि पोच घ्या. पैसा मिळेल तेव्हा मिळेल. पण त्या अर्जावर लिहिलेलं असतं की अमुक गटात अमुक माणसाची तूर होती. तो कागद जपून ठेवा. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होत नाही तोवर कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम 4 मध्ये आहे. कोणी धमकावलं तर ग्रामसभेला सांगा, एकट्यानं भांडू नका.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं आहे. 2009 मध्ये त्यांचा अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य झाला. ते गाव काही आपल्याहून श्रीमंत नाही. तिथं ग्रामसभा बसते, बोलते, ठरवते आणि आपलं जंगल राखते. या कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनउपज आहे. उद्या आपलाही सामूहिक हक्क झाला तर कैचीचा बांबू डेपोतून आणावा लागणार नाही. पण जे गाव सागाच्या दोनशे बल्ल्या दरवर्षी तोडतं, ते जंगल राखतो म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार?

काय ठरवायचं

माझं म्हणणं एवढंच. पाच घरांमागं एक मचान. पाळी लावा, म्हणजे एका घराला पाच दिवसांत एकच रात्र जागावं लागेल. आज सगळे रोज जागतात म्हणून कोणीच नीट जागत नाही. ज्या घरी बाईच एकटी आहे, तिची पाळी दुसऱ्यांनी करावी आणि तिनं दिवसाची पाखरं राखावी. ती तर ती आताही राखतेच, पण त्याला कोणी काम म्हणत नाही. ते काम धरा.

पाइप एकत्र आणू. दहा गावांचा माल एकदम घेतला तर भंगारवाला भाव कमी करेल आणि ड्रिलवालाही. मी आमची मचान बंडीत घालून आणली आहे. जेवण झाल्यावर बाहेर वडाखाली उभी करू. काकाही आले आहेत. ते वर चढून बसणार आहेत, त्यांनी स्वतःच सांगितलं. पण आधी पोती चढतील, मग काका. (टाळ्या)

आपल्या बापजाद्यांनी ही जमीन दगड वेचून वेचून काढली. ती एका रात्री कोणी नेणार नाही. ती वितावितानं जाते, जेव्हा आपण थकून एकेक पट्टी सोडतो. थकू नये म्हणून ही मचान. कुणाला मारायला नाही आणि कुणाला भ्यायलाही नाही. धुऱ्यावर माणूस बसला आहे, हे जनावरालाही कळू द्या आणि सरकारलाही कळू द्या.

मागच्या मामांना आता उठवा. जेवायला बोलावलं आहे.

जय सेवा!